कंदीलपुष्पाचा वेल पाहायचाय? पहिल्या सरीपासून शेंग तडकेपर्यंत, पुण्यातल्या नवख्यांसाठी

नारळी पौर्णिमा झाली की मला निरोप यायला लागतात. "ताई, कंदीलपुष्प कुठे बघायला मिळेल? लोकेशन पाठवा ना." लोकेशन मी कुणालाच पाठवत नाही. का, ते पुढे सांगते. पण हा वेल कसा शोधायचा, ओळखायचा कसा आणि त्याच्यापाशी वागायचं कसं, ते सगळं सांगायला मी केव्हाही तयार आहे. पहिली दोन वर्षं मी चुकीच्या महिन्यात, चुकीच्या उतारांवर, भलत्याच वेलांचे फोटो काढत हिंडले. तुमची तेवढी पायपीट वाचावी म्हणून हे लिहिते आहे.

एक विनंती आधीच करते. वीस जागा पालथ्या घालून वीस फोटो जमवू नका. एकच वेल गाठा आणि वर्षभरात त्याच्याकडे पाच-सहा वेळा जा. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच लिहिल्या आहेत.

१. नाव नीट समजून घ्या

कंदीलपुष्प ही एकच वनस्पती नाही. रुईच्या कुळातल्या सेरोपेजिया या प्रजातीतल्या अनेक जातींना मिळून आपण हे नाव वापरतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली हे शास्त्रीय नाव दिलं, मेण आणि कारंजं या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून. त्याला या फुलात मेणाचं कारंजं दिसलं, आपल्याला कंदील दिसला. भारतात या प्रजातीच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाहीत. काहींचा मुलूख तर एखादा डोंगर, एखादं पठार एवढाच.

सगळीच कंदीलपुष्पं वेल नसतात, हेही लक्षात ठेवा. हरिश्चंद्रगडाच्या बाजूची लॉई ही जात ताठ उभी राहते. आपण वेलांबद्दल बोलतोय. त्यातले नवख्याला भेटण्याची शक्यता असलेले दोन म्हणजे हामण (सेरोपेजिया हिर्सुटा) आणि खर्पुडी (सेरोपेजिया बल्बोसा). हामण घाटाकडच्या गवताळ उतारांवर आणि झुडपांत असते, खर्पुडी जरा कोरड्या, काटेरी रानात. विन्सिफोलिया आणि ऑक्युलाटा हे आणखी दोन वेल पश्चिमेकडच्या जास्त पावसाच्या जंगलपट्ट्यात आहेत. पहिल्याच वर्षी ते दिसले तर नशीब समजा, पण त्यांच्यासाठी अडून बसू नका.

गावातली नावं विचारताना जपून. एका खोऱ्यात जिला हामण म्हणतात, तिला शेजारच्या खोऱ्यात खर्पुडी म्हणतात. म्हणून नावासोबत "फूल कसं असतं, कंद खातात का, पान लवदार असतं की गुळगुळीत" हेही विचारा आणि नाव ऐकलं तसंच वहीत उतरवून घ्या.

२. महिना चुकला की सगळं चुकलं

हा वेल वर्षातला साधारण निम्मा काळ जमिनीखाली असतो. उन्हाळ्यात त्या जागेवर उभे राहिलात तर पायाखाली कंद आहे याचा मागमूस लागत नाही. जूनच्या सरी पडल्या की कोंब वर येतो, जुलैत वेल आधार शोधत चढतो, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक जाती फुलतात, काही वेल ऑक्टोबरातही. त्यानंतर शेंगा, आणि थंडी वाढेपर्यंत वेल वाळून नाहीसा.

पाऊस लांबला की हे सगळं पंधरा-वीस दिवस पुढे सरकतं. गणपती ते घटस्थापना हा काळ मी सगळ्यात खात्रीचा मानते. मी सुरुवातीला डिसेंबरात जात होते, कारण हवा छान असते. छान हवेत मला वाळलेलं गवत दिसलं.

३. डोंगराआधी पुण्यातच दोन फेऱ्या मारा

ही पायरी सगळे टाळतात. माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून आपल्या पुण्यात आहे, कोरेगाव पार्कच्या बाजूला. तिथे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. सेरोपेजियावर आयुष्यभर काम केलेले म. यु. अन्सारी याच केंद्रातले. आघारकर संशोधन संस्थेतही असा संग्रह आहे. आधी लेखी विनंती करा: तुम्ही कोण, काय पाहायचंय, कशासाठी. सोबत ओळखपत्राची प्रत आणि विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र. आयत्या वेळी दारात जाऊन उभं राहू नका.

नमुन्याच्या कागदावर फूल चपटं आणि तपकिरी झालेलं असतं, त्यामुळे बरेच जण हिरमुसून निघून जातात. तुम्ही पानं पाहा. ती खोडावर समोरासमोर कशी लागली आहेत, देठ किती लांब आहे, पानावर लव आहे का. खाली कंद चिकटवलेला असेल तर त्याचा आकार पाहा. आणि लेबल वाचा. नमुना कुठल्या तारखेला गोळा केला ते त्यावर असतं. दहा लेबलांवरच्या तारखा वहीत उतरवल्या की ती जात केव्हा फुलते याचं तुमचं स्वतःचं कोष्टक तयार होतं.

जागांची नावं मात्र आजच्या नकाशावर जशीच्या तशी धरू नका. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंद १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. तेव्हा रान असलेल्या कितीतरी टेकड्यांवर आज सोसायट्या आहेत.

४. परवानगी: जमीन कुणाची, ते आधी ठरवा

अभयारण्य असेल, म्हणजे पुण्यासाठी मुख्यतः भीमाशंकर (१९८५ साली घोषित), तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. नाक्यावर पावती घेऊन ठरलेल्या वाटेनं फिरणं वेगळं आणि वाट सोडून झुडपांत शिरून अभ्यास करणं वेगळं. दुसऱ्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज करा. तिथून तो योग्य ठिकाणी जातो. पान, फूल, शेंग, कंद यातलं काहीही परवान्याशिवाय उचलता येत नाही. राखीव जंगलातही झाडोरा तोडणं किंवा खणणं हा गुन्हा आहे.

मालकीची जमीन असेल तर मालकाला विचारा. हे सोपं आहे आणि लोक आनंदानं हो म्हणतात. देवराई असेल तर पुजाऱ्याला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला भेटा. काही राया अशा आहेत की पडलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नसते, काहींत चपला बाहेर काढायच्या असतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला तेव्हापासून त्यांचं महत्त्व शहरात कळायला लागलं. गावात ते आधीपासून माहीत होतं.

शिवाय, अतिवृष्टीचा इशारा असला की जिल्हा प्रशासन काही गड, घाट, धबधबे बंद ठेवतं. निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या पाहाच.

सोबत काय लागेल: ओळखपत्राची मूळ प्रत, परवानगीचा कागद आणि त्याची एक झेरॉक्स (मूळ कागद पावसात भिजतो, माझा भिजला आहे), दहापट मोठं दाखवणारं भिंग, सहा इंची पट्टी, शिसपेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही (शाईपेन नको), गुडघ्याखाली टाकायला गोणपाट किंवा प्लॅस्टिकचा तुकडा, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, काळी छत्री. छत्री पावसासाठी तर हवीच, पण फोटोमागे गडद पडदा म्हणूनही उपयोगी पडते. खुरपं, कुदळ, कात्री घरी ठेवा. हत्यार जवळ नसलं की मोहही होत नाही.

५. शोधायचं कसं: खाली बसा

भोर तालुक्यातल्या एका उतारावर मी सकाळपासून तीन तास फिरत होते. गुरं घेऊन आलेले एक मामा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "ताई, काय हरवलंय?" मी फोटो दाखवला. ते म्हणाले, "हामण व्हय! उभ्यानं न्हाई दिसत ती. बसा खाली, करवंदीच्या बुडात बघा."

मी बसले. हातभर अंतरावर, करवंदीच्या काट्यांतून, सुतळीहून बारीक असा एक लवदार वेल वर गेला होता. पानाच्या बगलेत तीन फुलं. दोन मिटलेली, एक उघडं. नळी फिकट हिरवट, तिच्यावर जांभळट ठिपके, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला छोटासा पिंजरा. बुडाशी नळी फुगलेली. लांबी माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढी. तीन तासांत त्या झुडपाच्या बाजूनं मी चार वेळा गेले असेन.

तेव्हापासून माझी पद्धत ही: उताराचा एक तुकडा निवडायचा, साधारण बॅडमिंटनच्या मैदानाएवढा. त्यातल्या प्रत्येक काटेरी झुडपापाशी बसायचं. करवंद, तोरण, घाणेरी, निवडुंग, कारवी, जिथे गुरांचं तोंड पोचत नाही तिथे वेल तगतो. आधी फूल शोधू नका. खोडाशी नजर ठेवा, एखादा बारीक वेल झुडपाला गुंडाळत गेलाय का ते पाहा आणि मग नजरेनंच त्याच्या मागे वर जा. फांद्या बाजूला सारू नका, वेल चटकन तुटतो. आणि पाय कुठे ठेवता ते पाहा. याच दिवसांत घोणस आणि फुरसंही झुडपांच्या बुडाशी असतात, म्हणून बसण्याआधी काठीनं गवत हलवा.

६. ओळखताना हमखास फसवणारे

उतरण. पानं समोरासमोर, वेल लवदार, कुळही तेच. पण तिची फुलं पांढरट, लहान, गुच्छात लोंबणारी असतात, शेंगांवर मऊ काट्यांसारखे उंचवटे असतात, आणि पान तुटलं की पांढराशुभ्र चीक येतो. ओळखीसाठी पान तोडून बघू नका, वाऱ्यानं तुटलेलं एखादं सापडतंच.

सापसण. ही सगळ्यात जास्त फसवते. हिचंही फूल फुगीर बुडाचं, नळीचं, आणि तेही माश्यांना आत अडकवतं. पण सापसणीची पानं एकाआड एक असतात आणि फुलाला वर पिंजरा नसतो, एकच जिभेसारखी पाकळी असते. गुळवेल आणि कडू कारंदा यांची पानं हृदयाच्या आकाराची, दुरून पाहिली की मन उगीच धावतं. जवळ गेल्यावर शंका राहत नाही.

म्हणून क्रम ठेवा: पानं समोरासमोर आहेत का, मग नळी बुडाशी फुगलेली आहे का, मग पाकळ्यांची टोकं जुळलेली आहेत का. तिन्ही "हो" असेल तरच पुढे. खर्पुडीचं फूल हामणीपेक्षा बरंच लहान, पट्टीवर दोन सेंटिमीटरच्या आसपास भरतं, आणि पानं मांसल. तिची पानं एका वेलावर लांबट-अरुंद तर दुसऱ्यावर जवळजवळ गोल असतात, त्यामुळे नुसत्या पानाच्या आकारावरून जात ठरवू नका. फुलाशिवाय जातीचं नाव लिहायचंच नाही, "सेरोपेजिया, जात अनिश्चित" एवढंच लिहायचं.

७. फुलापाशी निदान अर्धा तास थांबा

फोटो दोन मिनिटांत होतो आणि लोक निघतात. थांबलात तर जे दिसतं त्यासाठीच मी परत परत जाते.

गोणपाटावर बसा, भिंग लावा, फुलाला हात लावू नका. पिंजऱ्याच्या फटींशी चिलटासारख्या बारीक माश्या घुटमळताना दिसतील. एखादी फटीतून आत उतरते. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात, त्यावरून खाली जाता येतं, वर येता येत नाही. माशी फुगीर तळाशी पोचते आणि तिथेच अडकते. तिथे फिरताना तिच्या तोंडाच्या भागाला परागांच्या पिवळ्या पिशव्यांची जोडी चिमट्यासारखी चिकटते. काही काळानं केस सुकतात, फूल कलतं आणि माशी सुटते. मग ती दुसऱ्या फुलात शिरली, तरच परागीभवन. फुलानं माशीला मारलेलं नसतं, नुसतं थांबवून ठेवलेलं असतं.

आता विचार करा. उतारावर एकच वेल उरला असेल, तर ती माशी सुटून जाणार कुठे? शेंगा कमीच धरतात, त्याचं एक कारण हे आहे. फूल खुडून "आतून कसं असतं" बघणाऱ्यांना मी कळकळीनं सांगते, तुम्ही त्या वर्षीची एक शेंग खुडत असता. आतली रचना बघायचीच असेल तर पावसानं गळून पडलेलं फूल उचला आणि नखानं उभं चिरा. अभयारण्यात मात्र तेही नको.

८. फोटो काढा, जागा लपवा

लोकेशन का देत नाही, ते इथे. तिसऱ्या वर्षी मला एका टेकाडावर सात वेल सापडले. आनंदाच्या भरात मी फोटो आणि नकाशावरचा बिंदू एका ग्रुपवर टाकला. पुढच्या ऑगस्टमध्ये गेले तर तिथे खड्डे होते. कडा सरळ कापलेल्या, म्हणजे हत्यारानं खणलेले. एका खड्ड्याच्या बाजूला वाळलेला वेल पडला होता, दोन पानं अजून समोरासमोर. कंद गेले होते. कुणी नेले ते मला कळलं नाही. वाट मी दाखवली होती, एवढं मला ठाऊक आहे.

तेव्हा निघण्याआधीच मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर त्यातली जागेची माहिती निघून जाते, पण "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर ती तशीच पुढे जाते. बरेच जण दर्जा टिकावा म्हणून डॉक्युमेंट पाठवतात आणि तिथे फसतात. आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) नोंद टाकताना जागेसाठी "ऑब्स्क्युअर्ड" हा पर्याय निवडा. मग खरा बिंदू न दिसता साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी खूण दिसते. आणि एवढं करून वर्णनात "मंदिरामागच्या टाक्याजवळ" असं लिहू नका. फोटोत कडा, बुरूज, देऊळ असं ओळखू येणारं काही नको. छत्री मागे धरली की हेही साधतं.

फोटो पाच हवेत: झुडपासकट पूर्ण वेल, पानांची जोडी, फूल बाजूनं, पिंजरा वरून, आणि पट्टी शेजारी धरून फूल.

खरी जागा सांगायची ती गावाला. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटून नाव, महिना आणि फोटोची प्रत द्या. मामांसारखी माणसं तिथे बोलावली तर उत्तम. कंद गुराखी खातात म्हणून वेल संपला, असं शहरात बसून म्हणणारे भेटतात. मला ते अन्यायाचं वाटतं. ते पिढ्यान्‌पिढ्या खात आले आणि वेल राहिला. फार्महाऊसच्या प्लॉटसाठी जेसीबीनं अख्खा उतार सपाट केला की कंदासकट सगळं जातं, आणि वणव्यात शेंगा जळतात.

९. घरी लावायचा मोह

कंद आणू नका, कुणी विकत असेल तर घेऊ नका. विकणाऱ्यानं तो रानातूनच खणलेला असण्याची शक्यता दाट. वाढवण्याचं काम जाणत्या ठिकाणी चालतं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या कितीतरी जाती जपल्या आहेत. तिथे जाऊन या, कुंडीतला वेल जवळून पाहायची हौस तिथे फिटते.

१०. परत जा

पहिली भेट फुलांची झाली असेल तर दुसरी तीन आठवड्यांनी. तेव्हा शेंग धरली का ते कळेल. शिंगांसारखी जोडशेंग असते, बारीक आणि लांब. तिसरी भेट दिवाळीनंतर. शेंग वाळून उभी तडकते आणि आतून रुईसारखाच रेशमी झुपका लावलेलं चपटं बी निघतं, लहानपणी आपण जिच्यामागे धावायचो तशी म्हातारी. वाऱ्यावर किती गेल्या ते मोजता येत नाही, पण किती शेंगा तडकल्या ते मोजता येतं. तेवढं लिहा. चौथी भेट जानेवारीत. काही दिसणार नाही, तरी जा आणि जवळचा एक ठळक दगड नजरेत बसवून घ्या. रंगानं खूण करू नका, रिबीन बांधू नका, ती दुसऱ्यालाही दिसते.

मग जूनमध्ये, दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की, त्या दगडापाशी जाऊन बसा. ओल्या मातीतून बोटभर कोंब वर आलेला असेल, टोकाशी समोरासमोर दोन इवली पानं. वहीत तारीख लिहा, आणि मागच्या वर्षी तिथे किती वेल होते तो आकडा शेजारी.